शेरा

पहिल्याच दिवशी मी सांगली बुडवली.
महापुराचा काही संबंध नव्हता.
अक्षांशाच्या रकान्यात रेखांश भरले
आणि खणभागातले चौदा व्हॉल्व्ह
जाऊन पडले उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात,
जिथे पाइपलाइन सोडाच,
पाणीसुद्धा धड पाणी नसतं.

दस्तगीर चाचा मागे उभे होते.
हातात लोखंडी चावी, ऑफिसात आणू नका म्हटलं तरी आणलेली.
वाकून बघितलं, म्हणाले,
"हितं प्रेशर चांगलं असंल."

तीन महिन्यांनी ते निवृत्त होणार.
सत्तावीस वर्षं ज्या झाकणांपाशी ते उकिडवे बसले
ती सगळी त्याआधी नकाशावर आली पाहिजेत, असा आदेश.
कॉम्प्युटर येतो म्हणून खाली माझं नाव.
मला येत होतं एक्सेल.

रात्री भांडी आवरून व्हिडिओ लावते.
कुणी एक मुलगा हिंदीत सांगतो, आधी प्रोजेक्शन तपासा.
पृथ्वी गोल, पडदा सपाट,
कुठंतरी खोटं बोलावंच लागतं,
फक्त कुठं, ते आधी ठरवून ठेवायचं.
हे मला लगेच कळलं. बाकी वेळ लागला.

मंगळवारी सगळे रस्ते गेले.
घाम फुटला. कुणाला सांगणार?
मग दिसलं, उपग्रहाचं चित्र वर येऊन बसलंय,
रस्ते त्याच्याखाली, जिवंत.
थर धरला आणि वर ओढला.
चाचा बराच वेळ गप्प.
"असं ओढून वर घेता आलं असतं, ताई,
तर माझं निम्मं आयुष्य खड्ड्यात गेलं नसतं."

मग गल्लोगल्ली. फोन म्हणतो,
पाच मीटर इकडे किंवा तिकडे.
चाचा म्हणतात, "पाच मीटरात तीन घरं बसत्यात,
अन् त्यातल्या दोघांचं पटत न्हाई."

हरिपूर रोडला एक झाकण डांबराखाली गेलेलं.
चिंचेपासून तेरा पावलं, म्हणाले.
चिंच नाही. मोबाइलचं दुकान आहे.
ते दुकानाच्या शटरला पाठ लावून उभे राहिले,
चिंचेला लावावी तशी,
आणि चालत सुटले. मोटारसायकली थांबल्या.
तेराव्या पावलाला चावी डांबरावर टेकवली,
वरच्या टोकाला कान.
"वाहतंय."
मी बटण दाबलं. एक निळा ठिपका.

रकाने ठरलेले: क्रमांक, व्यास, साल, चालू की बंद.
शेवटी शेरा. तो मी मनापासून भरला.
*दीडच फेरा उघडायचा, पुरा उघडला तर वरच्या गल्लीला थेंब नाही.*
*आटे उलटे. नव्या माणसाचा हात सोलतो.*
*महापुरात नऊ दिवस बुडाला, दहाव्या दिवशी लाथेनं उघडला.*
*इथे पहाटे चहा मिळतो. सरगरकाकू.*

सेव्ह केलं. सकाळी उघडलं तर
रकानाभर प्रश्नचिन्हं.
ओळीमागून ओळ, वाकलेली, पायाशी एकेक टिंब.
मला रडू आलं. चाचा हसले.
"बराबर हाय की.
नवा माणूस आल्यावर त्याला हेच दिसणार."

ते मराठीचं कोडिंग निवडायचं राहिलं होतं माझ्याकडून.
पुन्हा बसलो. पुन्हा पहिल्यापासून विचारलं.
हरिपूर रोड आला.
"चौदा लिव्हा."
काल तेरा म्हणालात.
"काल जोशात चाललो. बिनजोशाची चौदा.
गुडघा गेला ना."
तेरा लिहू की चौदा, त्या सॉफ्टवेअरला विचारता येत नाही.
मी दोन्ही लिहिले.

संध्याकाळी ते गेल्यावर एक नवा थर उघडला.
प्रकार: बिंदू. नाव: नसलेल्या खुणा.
त्यात सध्या एकच चिंच आहे.
साहेबांना नकाशा दाखवताना
त्याच्यापुढची टिक मी काढून ठेवते.